४७ नंबरचा इंडिकेटर: जुना आरपीजी बदलताना त्यातली चूकही सोबत आणायची का?

रकाना५४ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज धागा काढतेय, कारण प्रश्न अडलाय आणि ज्यांना विचारावं ते सगळे निवृत्त झालेत.

आमच्याकडे एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावर साधारण चौदाशे प्रोग्राम आहेत. त्याला आता आयबीएम आय म्हणतात, पण तोंडात जुनंच नाव बसलंय. त्यातले हजारभर अजून आरपीजी थ्रीमध्ये आहेत, म्हणजे त्या यंत्राच्या जुन्या भाषेत, जिथे प्रत्येक गोष्ट ठरलेल्या रकान्यातच लिहावी लागते. ऑर्डर, स्टॉक, बिलं, येणी, सगळं त्यावरच चालतं. दोन वर्षांत हे बदलायचं असं वरून ठरलंय. आधी सरसकट जावा म्हणत होते, आता निदान फ्री फॉरमॅट (रकान्यांचं बंधन नसलेलं) आरपीजी तरी करा म्हणतात.

सुरुवात ऑर्डर एंट्रीपासून केली. सीव्हीटीआरपीजीएसआरसी कमांडने सोर्स आरपीजी फोरमध्ये आणला. ती कमांड मुख्यतः रकाने सरकवते. निकालाचे इंडिकेटर, म्हणजे नंबर दिलेले ऑन-ऑफ खटके, ५४ ते ५९ रकान्यांत असायचे, ते ७१ ते ७६ मध्ये जातात. फील्डची नावं सहा अक्षरीच राहतात, मूव्ह (एका फील्डमधलं दुसऱ्यात टाकणं) मूव्हच राहतं आणि गोटू (दुसऱ्या ओळीवर उडी) गोटूच. म्हणून पुढची साफसफाई आम्ही हाताने करतोय.

आता अडलेली गोष्ट. प्रोग्राम सुरुवातीला ग्राहक मास्टरवर चेन करतो, म्हणजे त्या फाइलीत ग्राहकाचं रेकॉर्ड शोधतो. रेकॉर्ड नाही मिळालं तर ४७ ऑन. पुढे सव्वाशे ओळींनंतर ग्राहकाची उधारीची मर्यादा तपासली जाते आणि त्या ओळींवर अट आहे एन४७, म्हणजे ४७ ऑफ असेल तरच तपासा. ग्राहक सापडला असेल तरच मर्यादा तपासायची, हे सरळच आहे. माझ्या सहकाऱ्याने इंडिकेटर काढून तिथे ग्राहक फाइलचं %फाउंड (रेकॉर्ड सापडलं का ते सांगणारं) लिहिलं. मी तपासलं आणि मलाही पटलं.

लाइव्ह गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑर्डर खात्यातून फोन: काही ऑर्डरी अडकताहेत, आजवर कधी अडकल्या नव्हत्या. शोधायला अडीच दिवस लागले. मधल्या एका सबरूटीनमध्ये दर फाइलवर दुसरी चेन आहे आणि तिच्या ५४-५५ रकान्यांतही ४७ च लिहिलाय. म्हणजे मालाचा दर फाइलमध्ये नसेल तर ४७ ऑन होतो आणि मर्यादेची तपासणीच गळते. वर्षानुवर्षं बिनदराच्या मालाच्या ऑर्डरी, मुख्यतः नमुने, तपासणीशिवाय जात होत्या. आमच्या नव्या कोडने त्या पकडल्या.

आता कोड बरोबर आहे आणि लोकांचं काम थांबलंय. ऑर्डर खातं म्हणतं नमुन्यांना मर्यादा लागत नाही, हा नियमच आहे. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. जुनी चूक परत आणू का?

---

शेवटचारेकॉर्ड

आणा. आजच आणा, मग शांतपणे पुढचं बोलू.

मी सिस्टम/३८ पासून या घराण्यात आहे, म्हणजे एएस/४०० २१ जून १९८८ ला जाहीर झालं त्याच्याही आधीपासून. इतक्या वर्षांत एक पथ्य काटेकोर पाळलं: कोड बदलणं आणि वागणूक बदलणं ही दोन कामं एका फेरीत करायची नाहीत. ज्या दिवशी कन्व्हर्जन लाइव्ह जातं त्या दिवशी जुना आणि नवा प्रोग्राम चुकांसकट सारखे वागले पाहिजेत. तसं असेल तरच उद्या फरक दिसला की तो कन्व्हर्जनचा आहे हे छातीठोक सांगता येतं. तुमच्या सहकाऱ्याने एकाच फेरीत दोन्ही केलं, आणि तेही नकळत. म्हणून अडीच दिवस गेले.

४७ परत आणा, पण नाव देऊन. एक व्हेरिएबल घ्या, तपासणी_गाळा अशा अर्थाचं. ग्राहक नसेल तर तो ऑन करा. दर फाइलच्या चेननंतर दर नसेल तर ऑन आणि दर सापडला तर ऑफ, हा ऑफही विसरू नका, मूळ चेन तेच करते. वर कॉमेंट लिहा: मूळ प्रोग्राममध्ये असं घडत होतं, हेतुपुरस्सर की चुकून हे माहीत नाही, अमुक तारखेला विचारणा केली. नियम ठरवणं प्रोग्रामरचं काम नाही, पण प्रश्न लेखी पोचवणं आहे.

इंडिकेटर हे एकच बीळ नाही, त्यामुळे अजून तीन जागा सांगून ठेवतो. पहिली मूव्ह. पाच अक्षरांच्या फील्डमध्ये 'कखगघच' असेल आणि त्यात '१२' मूव्ह केलं तर उरतं 'कखग१२', कारण मूव्ह उजवीकडून भरतं आणि डावीकडचं तसंच ठेवतं. तेच इव्हॅलने, म्हणजे किंमत भरायच्या नव्या सूचनेने, लिहिलं की होतं '१२' आणि पुढे तीन रिकाम्या जागा. फ्री फॉरमॅटमध्ये मूव्ह नाहीच, त्यामुळे प्रत्येक मूव्ह बदलावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी लांबी पाहावी लागते. माझ्याकडे एका प्रोग्राममध्ये कागदपत्र क्रमांकाचा शाखेचा भाग असाच पुसला गेला होता.

दुसरी जागा बेरजा. जुन्या अ‍ॅड (बेरीज) आणि झेड-अ‍ॅडमध्ये (आधी शून्य करून बेरीज) पाच आकडी फील्डमध्ये १२३४५६ टाकलं तर २३४५६ उरतं. पुढचा आकडा मुकाट्याने कापला जातो, प्रोग्राम चालत राहतो. इव्हॅलमध्ये तिथेच आरएनएक्स०१०३ हा एरर येतो आणि प्रोग्राम थांबतो. कंपाइल करताना ट्रंकएनबीआर (आकडा कापू द्यायचा का हा पर्याय) काहीही दिलं तरी एक्स्प्रेशनला ते लागू होत नाही. थांबणं खरं तर चांगलं, पण महिनाअखेरच्या रात्री ते पहिल्यांदा कळू नये. हॅश टोटलसाठी (नुसता ताळा पाहायला केलेल्या बेरजेसाठी) तर आकडा कापला जाणं मुद्दाम गृहीत धरलेलं असतं.

तिसरी जागा ५३ वा रकाना. तिथे एच असेल तर निकालाचा शेवटचा दशांश जवळच्या आकड्यावर नेला जातो, नसेल तर कापला जातो. हाताने इव्हॅल लिहिताना तो एच हमखास सुटतो आणि बिलागणिक शेवटच्या दशांशाचा फरक पडतो.

---

वाचकमित्र

वाचनखूण साठवली. मूव्हचं उदाहरण आमच्या अख्ख्या टीमला वाचून दाखवलं.

---

चौकोनीकंस

शेवटचारेकॉर्ड काका, आदर आहेच, पण इथे असहमत.

उधारीची मर्यादा ही नुसती स्क्रीनवरची सोय नाही. तपासणी गळते हे आपल्याला आता माहीत आहे. माहीत असताना ती पळवाट स्वतःच्या हाताने परत लिहायची? उद्या ऑडिटमध्ये निघालं तर 'जुन्यात असंच होतं' हे उत्तर चालणार नाही, कारण नव्या सोर्सवर तुमचं नाव आणि तारीख आहे. ताईंनी कोड आहे तसा ठेवावा आणि बिनदराच्या ऑर्डरी हाताने मंजूर करायची तात्पुरती सोय करावी.

---

शेवटचारेकॉर्ड

चौकोनीकंस, तुमचा मुद्दा हलका नाही. पण आज चूक नक्की कोणती हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. कदाचित ज्याने दुसऱ्या चेनवर ४७ लिहिला त्याला हेच हवं होतं. इंडिकेटर मोजून ९९, आणि मोठ्या प्रोग्राममध्ये ते पुरायचे नाहीत, म्हणून एकच नंबर दोन कामांना मुद्दाम वापरायची पद्धत होती. नुसता सोर्स वाचून हेतू कळत नाही. तोवर चालतंय ते मोडायचं नाही, आणि जे सापडलं ते झाकायचंही नाही. कॉमेंट आणि लेखी प्रश्न त्यासाठीच. सही मालकाची घ्या, मग ती पळवाट राहत नाही.

---

तीनहजारी

मी एएस/४०० वाली नाही, एचपी ३००० वाली. नोव्हेंबर २००१ मध्ये एचपीने ते बंद करायचं जाहीर केलं आणि अखेर २०१० संपताना सपोर्ट थांबला. मधल्या वर्षांत मी तीन ठिकाणी कोबोल प्रोग्राम आणि इमेज नावाचा डेटाबेस दुसरीकडे हलवायच्या कामात होते. ताईंची गोष्ट वाचून त्यातलं एक काम डोळ्यांपुढे आलं.

सगळे प्रोग्राम जसेच्या तसे उतरवले, निकाल जुळले, आणि तरी पहिल्याच महिन्यात स्टॉकचा ताळा लागेना. कोड पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी जुन्या ऑपरेटर बाईंच्या टेबलाशी बसले. त्यांच्याकडे एक वही होती. त्यात पहिल्या कामाच्या दिवसासमोर लिहिलं होतं: 'हा जॉब दोनदा. पहिल्यांदा गोदाम ३ साठी, ते संपल्यावर सगळ्यांसाठी.' गोदाम ३ चा मागचा शिलकी माल पहिल्या फेरीत बाजूला निघायचा. हा नियम कुठल्याच प्रोग्राममध्ये नव्हता. तो त्या वहीत होता आणि बाईंच्या सवयीत होता. नव्या शेड्युलरमध्ये आम्ही जॉब अर्थातच एकदाच लावला होता.

ताई, सोर्सइतक्याच निगुतीने ऑपरेटरच्या वह्या, चिठ्ठ्या आणि सीएल (यंत्राला कमांड देणाऱ्या) प्रोग्राममधल्या जुन्या कॉमेंट गोळा करा. आणि ज्यांनी वीस वर्षं एकच स्क्रीन वापरली त्यांच्याशेजारी एक अख्खा दिवस बसा. त्या एफ१२ (मागे जायची कळ) कुठे दाबतात आणि का, ते लिहून घ्या.

---

नवखा_प्रोग्रामर

मला यात आठच महिने झालेत. दोन शंका. एक, एसईयू या जुन्या एडिटरमध्ये नवीन सिंटॅक्स लिहिला की सगळं लाल होतं, पण कंपाइल मात्र होतं, असं का? दोन, हे चौदाशे प्रोग्राम खरंच सगळे वापरात असतात का?

---

पॅक्डडेसिमल

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं. एसईयूची सिंटॅक्स तपासणी सिस्टमच्या ६.१ आवृत्तीवर थांबली, पुढची भाषा त्याला कळतच नाही. संपूर्ण फ्री, म्हणजे पहिल्या ओळीत दोन तारांकनं आणि फ्री, हे २०१५ चं. आरडीआय हा आयबीएमचा नवा एडिटर असेल तर ते घे, नाहीतर व्हीएस कोडमध्ये कोड फॉर आयबीएम आय हे एक्स्टेन्शन टाक.

दुसरी शंका जास्त मोलाची. सगळे वापरात नसतात, आणि जो प्रोग्राम कोणी चालवत नाही तो बदलण्यात आयुष्य घालवू नये. डीएसपीओबीजेडी कमांडचा निकाल फाइलमध्ये काढला की प्रत्येक ऑब्जेक्ट (कंपाइल झालेला प्रोग्राम) शेवटचा कधी वापरला ती तारीख मिळते. डीएसपीपीजीएमआरईएफने कोण कोणाला बोलावतो आणि कुठल्या फाइली उघडतो ते कळतं. मात्र कॉलमधलं नाव व्हेरिएबलमधून येत असेल तर खरं नाव त्यात दिसत नाही, आणि जुन्या मेनूंमध्ये हे फार असतं. वर्षातून एकदाच चालणारे प्रोग्रामही असतात, तेव्हा निदान तेरा महिने उलटल्याशिवाय कशालाही मेलेलं म्हणू नकोस.

सोर्स नसलेले ऑब्जेक्टही याच यादीत सापडतील. सीएलचा सोर्स आरटीव्हीसीएलएसआरसीने परत काढता येतो, अर्थात कंपाइल करताना ती मुभा ठेवली असेल तर. आरपीजीला तशी कमांडच नाही. असे प्रोग्राम इतकी वर्षं चालत राहिले ही या यंत्राची करामत. १९९५ मध्ये ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या प्रोसेसरवर जाताना प्रोग्राम पुन्हा लिहावे लागले नाहीत, कारण ऑब्जेक्टमध्ये यंत्रनिरपेक्ष रूप साठवलेलं असतं आणि त्यावरून नवं भाषांतर होतं. ज्यांनी जागा वाचवायला ती माहिती काढून टाकली होती ते अडकले, आणि २००८ च्या व्ही६आर१ ला, म्हणजे वरच्याच ६.१ ला, पुन्हा तेच झालं.

आता ताईंसाठी. तुमच्या वरच्यांच्या मनातून जावा पूर्ण गेलं नसेल तर हे त्यांच्या कानावर घाला. मी दोन वर्षं आपोआप भाषांतर झालेला जावा कोड सांभाळला. ९९ इंडिकेटरांचा एक अ‍ॅरे, सहा अक्षरी नावं, आणि आरपीजीचं अख्खं सायकल (फाइल आपोआप वाचत फिरणारं चक्र) एका अजस्र लूपमध्ये. आरपीजी येणाऱ्याला तो वाचता येईना आणि जावा येणाऱ्याला समजेना. तरी त्रास त्या कोडने दिला त्याहून जास्त डेटाने दिला.

या यंत्रावरचा मजकूर एबसिडिक या आयबीएमच्या अक्षरसंकेतात असतो. त्यात क्रम असा: आधी छोटी इंग्रजी अक्षरं, मग मोठी, मग आकडे. आस्कीत, म्हणजे बाकी बहुतेक संगणकांच्या संकेतात, बरोबर उलटं, आधी आकडे, मग मोठी, मग छोटी. आमच्या एका रिपोर्टमध्ये मालाचे कोड 'ए' पासून '९' पर्यंत वाचायचे होते, म्हणजे सगळे. जुन्या यंत्रावर बरोबर. नव्या सर्व्हरवर 'ए' च्या पुढे '९' येतच नाही, म्हणून लूप एकदाही फिरला नाही आणि रिपोर्ट कोरा. कोरा आला म्हणून लगेच कळलं तरी. दुसऱ्या एका ठिकाणी गटांचा क्रम बदलला, पोटबेरजा भलत्या जागी तुटल्या आणि एकूण बेरीज मात्र बरोबर राहिली. ते तीन आठवडे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेल्या, आकड्यांचं तसंच. सात आकडी पॅक्ड फील्ड चार बाइटांत बसतं, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं. फाइल एफटीपीने आस्की मोडमध्ये नेली की नावं-पत्ते छान दिसतात आणि आकडे मोडतात, कारण त्या बाइटांनाही अक्षरं समजून बदललं जातं. आकडे एसक्यूएलने किंवा सीपीवायटीओआयएमपीएफ कमांडने मजकूर करूनच बाहेर काढा.

---

रकाना५४

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नाव दिलेल्या व्हेरिएबलसह जुनी वागणूक परत आणली, कॉमेंट लिहिली. अडकलेल्या ऑर्डरी सकाळी सुटल्या.

चौकोनीकंस, तुमचं म्हणणं डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून तीन वर्षांच्या ऑर्डरींवर एक एसक्यूएल चालवायला घेतलंय: दर नाही, मर्यादा ओलांडलेली, तरी गेलेली ऑर्डर. येणी खात्याच्या प्रमुखांना आकडा हातात घेऊनच भेटेन.

शेवटचारेकॉर्ड काका, 'सारखे वागले पाहिजेत' हे तुम्ही प्रत्यक्ष तपासता कसं? आमच्याकडे तपासणी म्हणजे दोघंजण स्क्रीनवर दहा ऑर्डरी टाकून बघतात.

---

शेवटचारेकॉर्ड

दहा ऑर्डरींत ४७ कधीच सापडला नसता. मी रात्रीच्या रनच्या आधी डेटा लायब्ररी सेव्ह करतो आणि तिच्या दोन प्रती उभ्या करतो. एकीवर जुना प्रोग्राम, दुसरीवर नवा, दिवसभराची खरी नोंद दोघांना तीच. लायब्ररी लिस्ट (फाइली कुठल्या लायब्ररीत शोधायच्या ती यादी) बदलली की प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. मग प्रत्येक फाइल एसक्यूएलच्या एक्सेप्टने दोन्ही बाजूंनी वजा करायची. दोन्हीकडून शून्य ओळी आल्या की जुळलं, पण ओळींची संख्याही मोजा, कारण एक्सेप्ट दुहेरी ओळी एकच धरतो. वेळेचे शिक्के असलेले रकाने वगळा. रिपोर्टसाठी सीपीवायएसपीएलएफने स्पूल फाइल (छपाईसाठी थांबलेला रिपोर्ट) डिस्क फाइलमध्ये उतरवा आणि सीएमपीपीएफएमने ओळीला ओळ लावा. डोक्यावरची तारीख-वेळ सोडून एकही ओळ वेगळी नको.

महिनाअखेर आणि वर्षअखेर या रनमध्ये आलीच पाहिजे. एक साधा महिना जुळला म्हणून सही करू नका.

फाइलींना अजून हात लावला नसेल तर हेही ध्यानात असू द्या. डीडीएसने, म्हणजे फाइलीचं वर्णन लिहायच्या जुन्या पद्धतीने, केलेल्या फाइलीत लिहिताना आकडा वैध आहे का हे तपासलं जात नाही, वाचताना बोंब होते. एसक्यूएलने केलेल्या टेबलात लिहितानाच अडतं. सिस्टम/३६ या आधीच्या यंत्राच्या काळातून आलेल्या फाइलींत आकड्यांच्या जागी कोऱ्या जागा हमखास असतात. त्या आधी शोधून काढा, नाहीतर टेबल बदलायच्या रात्री कॉपीच अडेल.

---

तीनहजारी

एक तारखांचं राहिलं. दोन आकडी वर्षाचे तारीख प्रकार तुमच्याकडे १९४० ते २०३९ असेच धरतात ना? मग वीस वर्षांचा करार आज टाकला तर त्याची अखेर त्या खिडकीबाहेर जाते.

---

पॅक्डडेसिमल

अगदी बरोबर. सहा आकडी ४१०३३१ वायएमडी (वर्ष-महिना-दिवस) म्हणून वाचलं की १९४१ येतं, म्हणजे २०४१ ला संपणारा करार कधीच संपलेला दिसतो. प्रोग्राम थांबतही नाही. हजार सोर्स उघडणारच आहात तर आठ आकडी किंवा खऱ्या तारखेचं फील्ड कुठे कुठे हवं याची यादी सोबतच करा. बदल मात्र काका म्हणतात तसा वेगळ्या फेरीत.

---

रकाना५४

आज भेट झाली, म्हणून लिहिते.

एसक्यूएलने तीन वर्षांत २१२ ऑर्डरी काढल्या. येणी खात्याच्या प्रमुखांनी यादी समोर घेतली आणि पेन्सिलने खुणा करत गेले. १९८ नमुने. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नमुन्यांना मर्यादा लावायची नाही हे फार पूर्वीच ठरलं होतं, आणि तेव्हाच्या प्रोग्रामरने 'करून देतो' म्हटलेलं त्यांना आठवतंय. म्हणजे दुसऱ्या चेनवरचा ४७ चुकून लागला नव्हता. तो मुद्दाम लावला होता, फक्त कोणी लिहून ठेवलं नाही.

उरलेल्या १४ नमुने नव्हत्या. नवा माल आला, दर भरायचा राहिला, त्याआधीच ऑर्डर पडली आणि मर्यादा ओलांडून गेली. ते पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे बंद करा. म्हणजे काका आणि चौकोनीकंस, तुम्ही दोघंही एकाच ओळीबद्दल बरोबर होतात.

ठरलं ते असं: नमुन्यासाठी माल मास्टरमध्ये वेगळी खूण, सवलत फक्त त्या खुणेवर. दर नसणं ही सवलतीची अट राहणार नाही. विनंती लेखी आली, सही आहे, आणि हा बदल पुढच्या फेरीत एकटाच जाईल. त्याआधी दोन लायब्ररींवर रन करून फक्त अशाच ऑर्डरी वेगळ्या येतात का ते बघणार आहे.

तीनहजारी ताई, वहीचं विचारलं. गोदामात एक आहे म्हणतात. उद्या जातेय.

---

तीनहजारी

जाताना फोटो काढायची परवानगी आधी घ्या, आणि मागच्या पानापासूनही चाळा. महिनाअखेरीचं तिथे लिहितात.